जवायाने बसवलेला कूलर

आमच्या घरात जावयाला चुकायची सोय नव्हती. तो चुकायचा, पुष्कळदा चुकायचा, पण ती चूक फिरून आमच्याच कुणाच्या तरी नावावर चढायची. भाजी खारट झाली असं त्याने म्हटलं की आई स्वतःच्या हाताला नावं ठेवायची, त्याची बस चुकली की बाबा बसवाल्यांना. माझ्या ताईचं लग्न झालं आणि घाटंजीच्या एका कापसाच्या जिनिंगमधला कारकून आमच्या आर्णीच्या घरात देवापेक्षा वरच्या पाटावर जाऊन बसला. देवाचं एक बरं असतं, नैवेद्य दाखवून झाला की ताट उचलून आपण जेवायला मोकळे. जिजाजी ताट पुसून उठायचे. दिसायला गोरेगोमटे, आवाज भारदस्त, आणि कुठल्याही विषयावर 'तसं नसते ते' म्हणून सुरुवात करायची सवय. जिनिंगमध्ये त्यांची बसायची जागा मशीनच्या शेजारच्या खोलीत होती. तेवढ्यावर जगातली सगळी यंत्रं आपल्या हाताखालून गेली आहेत असा त्यांचा समज झाला होता, आणि आमच्या घरच्यांनी तो समज कौतुकाने जपला होता.

त्या वर्षी माझी दहावीची परीक्षा होऊन गेली होती आणि ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दिवस वैशाखातले. सकाळीच अंगणातली फरशी पायाला चटके द्यायची, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, आणि घरात माठाशेजारच्या जागेवरून भांडणं व्हायची. खाण्यापिण्याची मात्र चंगळ. गच्चीवर कुरडया घालायच्या दिवशी पहाटे गव्हाचा गरम चीक वाटीत घेऊन, वर कच्चं तेल ओतून खायला मिळायचा. दुपारी आमरस आणि सरगुंडे. आई कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळत बसायची आणि तिच्या बांगड्या एका लयीत किणकिणत राहायच्या. या सगळ्या आवाजांच्या वर असायचा तो कूलरचा आवाज. आमचा कूलर पत्र्याचा, निळ्या रंगाचा, चांगला कपाटाएवढा होता. मधल्या खोलीच्या खिडकीला बाहेरून, बोळीच्या बाजूने, लोखंडी घोडीवर तो बसवलेला असे. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा. बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून ओढून घ्यायची आणि जाळीतून खोलीत सोडायची, एवढंच त्याचं काम. पण वैशाखात ते काम करणाऱ्याला आमच्याकडे घरातला कर्ता माणूस समजत.

जिजाजी ताईला सोडायला आले तेव्हा कूलर अडकून बसला होता. हिवाळाभर झाकून ठेवल्याने पंखा जागचा हलत नव्हता. बाबा मिस्त्रीला निरोप धाडणार, तोच जिजाजी म्हणाले की मिस्त्री कायले, मी काहून बसलो मंग. पुढे कोण काय बोलणार? आमच्या घरात तोवर कुणी पेचकस हातात धरला नव्हता. शेती होती, गडीमाणसं होती, आणि मालकाने स्वतः खिळा ठोकला तर लोक काय म्हणतील ही काळजी होती. बाबांना कॅलेंडर टांगायलाही माणूस लागायचा. बायकांना तर करंटच्या वस्तूंना शिवायची बंदीच होती. आई बटण दाबायची तेसुद्धा हाताला पदर गुंडाळून. असल्या घरात जावई अंगणात मांडी घालून, बाह्या सरसावून कूलर उघडायला बसला म्हटल्यावर सोहळाच झाला. आईने भर दुपारी टॉर्च धरला. बाबा ताटलीत स्क्रू सांभाळत उभे राहिले. मला पाणी, पक्कड, फडकं आणि पुन्हा पाणी आणायचं काम होतं. मोटर बाहेर निघाली, तिच्या वायरी सुटल्या, तेलपाणी झालं, सगळं परत आत गेलं, आणि शेवटी ताटलीत पाच-सहा स्क्रू उरले. बाबांनी ते दाखवल्यावर जिजाजी म्हणाले की बनवणारे जास्तीचे लावून ठेवतात.

कूलर खिडकीला चढला आणि सुरू झाला. पंखा गरगरला, ताट्यांवरून पाणी टपटपलं, आईने जावयाची दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली. बाबांनी जाळीसमोर हात धरला. मग दुसरा हात धरला. मग काखेतलं वर्तमानपत्र पुढे केलं, तर ते फडफडत जाळीकडे गेलं आणि तिथेच चिकटून बसलं.

"जवाईबुवा," बाबा अगदी अदबीने म्हणाले, "हा हवा वढून राह्यला वाटते."

"तसं नसते ते," जिजाजी म्हणाले. "आधी खोलीतली गरम हवा बाहीर निघाली पाह्यजे. ते सरली का थंडी आपोआप येते. थोडा दम धरा लागते."

बाबांनी मान डोलावली. आईनेही डोलावली. मी वर्तमानपत्र जाळीवरून सोडवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमरस-सरगुंडे चापून जिजाजी घाटंजीला निघून गेले, आणि आम्ही दम धरून बसलो.

गरम हवा काही सरेना. ती सरणार कशी, एकीकडून जात होती तेवढीच दारातून नवी येत होती. थंडी कुठे जाते आहे याचा शोध शेजारच्या कमलाबाईंनी लावला. या बाई जिभेने तिखट आणि कानाने तल्लख होत्या. त्या बोळीतून जाता जाता आमच्या कूलरच्या मागे थबकल्या, तिथेच उभ्या राहिल्या, आणि घरी जाऊन गव्हाचं सूप आणि बसायला पोतं घेऊन आल्या. मोटर उलटी फिरत होती. आमच्या खोलीतली हवा ओल्या ताट्यांमधून गार होऊन बोळीत पडत होती, आणि घोडीभोवतीच्या तेवढ्या जागेत महाबळेश्वर झालं होतं. मग काय, घर तिकडे सरकलं. बाबांनी बोळीत खुर्ची टाकली, इथं वाचाले उजेड चांगला हाये म्हणाले. आई भाजी निवडायला तिथे बसू लागली. मीही बसायचे, खोटं कशाला बोलू. कुणाचं तरी वासरू येऊन ताटीला पाठ लावून रवंथ करायचं. आणि एक दिवसाआड येणाऱ्या नळाचं पाणी आम्ही बादल्या भरभरून त्या टाकीत ओतत होतो, बोळ गार राहावी म्हणून.

"तुमचा जवाई लय गुनाचा हाये वं," कमलाबाई सूप पाखडता पाखडता आईला म्हणाल्या. "सासरचं घर तापलं तं तापलं, गल्ली थंडी पाह्यजे."

आई हसली आणि म्हणाली की त्यायचा हातच तसा हाये. तिला टोमणा कळला नाही असं नाही. जावयाबद्दलचा टोमणा कळायचा नाही, असं तिने ठरवलेलं होतं.

ताई मात्र आत होती. दिवस भरत आलेली पोर बोळीत बसवायची नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर लागते, असं आईचं म्हणणं. म्हणजे ज्या एका बाईसाठी कूलर काढला होता तिला सोडून सगळ्या आळीला हवा मिळत होती. तिच्या पायांवर सूज चढली होती. कपाळावर ओलं फडकं ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आणि दारातून येणारी झळ तिच्या अंगावरून कूलरकडे जात राहायची. पंखा बंद असता तर तिला निदान तेवढा ताप कमी झाला असता, पण जावयाने सुरू केलेलं बंद कोण करणार? एकदा मी तिला म्हटलं की मी जाते आणि मिस्त्रीला घेऊन येते, होऊ दे काय व्हायचं ते. तिने माझं मनगट धरलं.

"नको वं बेबी. त्यायले समजलं का मिस्त्री आनला, तं मले सालभर आयकावं लागन. तुह्या बापाच्या घरी माह्या कामाची किंमत नाई म्हनतात. ताट लोटून उठतात."

तोवर ताई सासरी सुखात आहे असं मला वाटत होतं. येताना ती नव्या साड्या आणायची, हसायची, आणि मला तेवढंच दिसायचं. त्या दिवशी माझं डोकं भणाणलं. जिजाजींचा राग आला, आईचा आला, आणि बोळीत पाय पसरून पेपर वाचणाऱ्या बाबांचा सगळ्यात जास्त आला.

दोन-तीन दिवसांनी ताई न्हाणीतून येता येता भोवंडली. भिंतीला धरून धरून खाली बसली, ओठ पांढरे पडले. आईने कांदा फोडून नाकाशी धरला, सुपाने वारा घातला. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. बाईला गारव्यात ठेवा, असं उकडू देऊ नका, पोटातल्या बाळाला बरं नाही, असं स्पष्ट बजावून गेल्या. बाबा कूलरकडे बघत उभे राहिले. मिस्त्रीला बोलवा, मी म्हटलं. आई ताईचे तळपाय चोळत होती, पण ती म्हणाली की जवायानं केलेल्या कामाले दुसरा हात लावला तर त्यांचा अपमान होतो, आणि आर्णीतली गोष्ट घाटंजीले पोचाले किती वेळ लागते? मग तिने ताईच्या उशाशी ओली चादर बांधली. बाबांनी एक जास्तीची बादली भरून टाकीत ओतली.

त्याच आठवड्यात जवळच्या नात्यात लग्न होतं. दुपारचं जेवून दिवस मावळायच्या आत येतो असं सांगून आईबाबा गेले. ताईकडे लक्ष ठेवायला कमलाबाईंना सांगितलं. ते वळणापलीकडे गेले आणि मी प्लग काढला, पेचकस आणि पक्कड घेऊन बोळीत आले. खरं सांगते, मला काहीही येत नव्हतं. जिजाजींना येत नव्हतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या हातून इतकं झालं तर आपल्या हातून याहून वाईट काय होणार, एवढाच माझा आधार. कमलाबाई पोत्यावरून म्हणाल्या, "आता काय करून राह्यली वं पोरी?" मी म्हटलं, दुरुस्त. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि ताटी काढायला हात लावला.

पहिल्यांदा मी पंखा उलटा केला. पंखा हवा उलटी फेकतो तर तोच फिरवून लावावा, यात काय चुकलं? पाती दांड्यावरून सोडवायलाच माझा जीव गेला. पेचकस निसटून तळव्याला लागला, गंजाने हात तांबडे झाले. पाती पालटून बसवली, प्लग लावला, बटण दाबलं. हवा पुन्हा बोळीतच. पाती कुठूनही बघा, पीळ तोच राहतो, हे मला तिथे जमिनीवर बसून, पाती हातात फिरवून फिरवून कळलं. शाळेतल्या विज्ञानात मला बरे गुण होते. पण विज्ञान हातात धरून पाहायची वस्तू आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. मग मला शेतातल्या विहिरीवरची मोटर आठवली. लाईन जाऊन परत आली की कधी कधी ती उलटी फिरायची, आणि गडी दोन वायरी इकडच्या तिकडे करून ती सरळ करायचे. मी प्लगमधल्या दोन वायरी बदलून पाहिल्या. पंख्याला त्याचा पत्ताही लागला नाही. तेव्हा मोटरकडे नीट बघितलं. तिच्या अंगाला लागून डबीसारखा कंडेन्सर होता, त्याला दोन पाय, आणि बाहेरून येणारी एक वायर त्यातल्या एका पायाला पिळलेली. जिजाजींनी सगळं सोडून परत जोडलं तेव्हा हीच वायर भलत्या पायाला गेली असणार. मी ती सोडवायला गेले आणि प्लग काढलेला असूनही कंडेन्सरने असा झटका दिला की मी मागच्या भिंतीवर जाऊन आदळले.

"मेली का वं?" कमलाबाईंनी विचारलं.

आतून ताई रडवेल्या आवाजात सोड, सोड म्हणत होती. सोडणार कोण? मला आता चेव चढला होता. पेचकसाच्या लाकडी मुठीला धरून मी त्याचं पातं कंडेन्सरच्या दोन्ही पायांना एकदम टेकवलं, एक बारीक ठिणगी उडाली आणि डबी शांत झाली. (हे असं कुणी करू नये. मी पंधरा-सोळा वर्षांची आणि संतापलेली होते.) वायर दुसऱ्या पायाला पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली, पाती मूळची होती तशी बसवली, आणि ताटलीतल्या उरलेल्या स्क्रूंना त्यांची भोकं शोधून दिली. एकही जास्तीचा नव्हता. मग ताटी लावून आत आले आणि बटण दाबलं.

बोळीतून कमलाबाई ओरडल्या की बंद पडला वाटते, इकडं काहीच येत नाही. आणि त्याच वेळी ताईचे कपाळाला चिकटलेले केस उडाले. पदर उडाला. तिने डोळे मिटून घेतले आणि तोंड तसंच वाऱ्यासमोर धरून ठेवलं, किती तरी वेळ. गवताचा ओला वास सगळ्या खोलीत भरला. मी जाळीसमोर उभी होते, हात गंजाने माखलेले, तळवा ठणकत होता, आणि मला इतका आनंद झाला होता की हसू का रडू ते कळेना. दहावीत पुढे बरे गुण मिळाले, नोकरी लागली, घर बांधलं, पण 'हे मी केलं' असं त्या दुपारइतकं स्वच्छ पुन्हा वाटलं नाही. हल्ली लोक मोबाईलवर व्हिडिओ बघून नळ बसवतात आणि त्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवतात. मी हसत नाही त्यांना. ती गुर्मी मला ठाऊक आहे. कमलाबाई दारातून डोकावल्या, वारा अंगावर घेतला, आणि आता मी गहू कुठं पाखडू, एवढंच विचारून आत येऊन बसल्या.

आईबाबा संध्याकाळी आले तेव्हा ताई गाढ झोपली होती, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. आईने जाळीसमोर हात धरला, माझ्या हातांकडे बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला. कोणाले बोलजो नको, ती म्हणाली. पण खरी कमाल केली बाबांनी. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण सोडलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "पाहा, जवाईबुवा म्हनत होते तसंच झालं. गरम हवा सरली, थंडी आली." मग बोळीतली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आत आणली, कारण आता उजेड आत चांगला होता. रात्री पाहुण्यारावळ्यांना हेच सांगितलं गेलं. जिजाजींनी चूक केली ती आमची, आणि मी ती सुधारली तर ते त्यांचं ज्ञान. अंथरुणावर पडून मला वाटत होतं की उठावं आणि वायर परत फिरवून ठेवावी. पण ताई झोपली होती.

ताईला मुलगा झाला. तो आता पुण्यात इंजिनिअर आहे आणि बल्ब बदलायलाही माणूस बोलावतो, म्हणजे रक्त कुठलं ते सांगायला नको. त्याच्या बारशाला जिजाजी चार नातेवाईक घेऊन आले. मधल्या खोलीत पाळणा बांधलेला, बायका घुगऱ्यांसाठी ओटी पसरून बसलेल्या, बाहेर आग ओतणारं ऊन आणि आत कूलरचा गार वारा. जिजाजी जाळीशेजारी लोडाला टेकून त्यांच्या काकांना सांगत होते की हा डब्बा पार भंगारात निघाला होता, मी दुपारभर मेहनत करून असा बसवला की आता दहा साल पाहाले नको. काका म्हणाले, वा. बाबा म्हणाले, त्यायचा हातच तसा हाये. मी घुगऱ्यांची परात घेऊन दारात उभी होते. मी तोंड उघडलं असणार, कारण आईने माझा दंड असा चिमटला की वळ उठला.

"तुमी लावला तवा तो गल्लीत हवा फेकत होता," ताई म्हणाली.

आवाज चढवून ती बोललीच नाही. मांडीवर बाळ होतं, त्याचं टोपडं बांधता बांधता म्हणाली. "मी आत उकडत होती. भोवळ येऊन पडली. बेबीनं सरळ केला तो. एकटीनं."

जिजाजींनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी आढ्याकडे. मग जिजाजी उठले आणि पुढच्या खोलीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून बसले. जेवणार नव्हते. संध्याकाळच्या गाडीनं जाणार होते, आणि परत या घराची पायरी चढणार नव्हते. जावई रुसला की काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं होतं, आणि ते सगळं सुरू झालं. आईने हात जोडले. बाबा म्हणाले की बेबी लहान हाये, चुकून हात लावला तिनं. मग दोघांनी मला दंडाला धरून दाराशी आणलं, माफी मागाले. मी मागितलीही असती. ताईला पुन्हा त्याच घरी जायचं होतं, आणि तिथे तिला काय ऐकावं लागतं ते मला ठाऊक होतं.

"बेबी माफी मांगनार नाई," ताई आतूनच म्हणाली. "आई, त्यायचं ताट झाकून ठेव. भूक लागली का जेवतील."

आई हातात ताट घेऊन तशीच उभी राहिली. तिने एकदा पुढच्या खोलीकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग पुरणपोळीवर तूप वाढलेलं ते ताट तिने ओट्यावर ठेवलं आणि वर परात पालथी घातली. पाहुणे जेवले. बायका जेवल्या. आम्हीही जेवलो, आणि मी चांगली दोन वाट्या रस घेऊन जेवले. पुढच्या खोलीवर टिनाचं छप्पर होतं आणि पंखा नव्हता. तिथून मधूनमधून खाकरल्याचा आवाज यायचा. बाळ झोपलं, ताई त्याच्या शेजारी आडवी झाली.

उन्हं कलायला आली तेव्हा जिजाजी मधल्या खोलीच्या दारात उभे होते. सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. त्यांनी स्वतः जाऊन परात उचलली, ताट घेतलं, कोपऱ्यातला पाट आणला आणि कूलरसमोर ठेवला. खाली बसले, पहिला घास घेतला, मग एका हाताने पाट जाळीच्या आणखी थोडा जवळ ओढून घेतला आणि जेवू लागले.